पायलटला दर सहा महिन्यांनी परीक्षा असते म्हणे, नापास झाला की नोकरी जाते का?

मृणाल_इंदिरानगर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा घरगुती आहे पण इथे एव्हिएशनवाले बरेच जण दिसतात म्हणून विचारतेय. मला एक स्थळ आलंय, मुलगा नाशिकचाच, पंचवटीत घर, एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे, ए३२० विमान उडवतो, बेस मुंबई. कॉलेज रोडला भेटलो होतो, माणूस बरा वाटला, फार बोलत नाही पण बोलतो ते ऐकावंसं वाटतं. आता येत्या रविवारी दोन्हीकडच्या मोठ्यांनी भेटायचं ठरलं होतं तर परवा त्याचा मेसेज आला की जमणार नाही, गुडगावला सिम्युलेटर चेक लागलाय, तारीख हलवता येत नाही, सॉरी. झालं, आमच्याकडे रात्री अकरापर्यंत चर्चा. बाबा नोट प्रेसमधून रिटायर झालेत, त्यांचं म्हणणं पर्मनंट माणसाची कसली परीक्षा, टाळतोय तो. आणि काकांनी वरून फोडणी घातली की पायलटला दर सहा महिन्यांनी पेपर असतो, नापास झाला की लायसन्स काढून घेतात आणि माणूस घरी, असल्या नोकरीला मुलगी देऊ नका.

मी स्वतः सीए आहे त्यामुळे परीक्षेची भीती मला कुणी दाखवू नये, पण मी ती पास झाले आणि सुटले, परत कुणी मला ऑडिट स्टँडर्ड तोंडपाठ म्हणून दाखव म्हणत नाही. तर हे खरंच आयुष्यभर चालतं का? त्यात नक्की काय करायला लावतात? आणि नापास झाला तर पुढे काय? ज्यांना माहितीये त्यांनीच सांगा प्लीज, अंदाजपंचे नको.

द्वारका_सर्कल

अंदाजपंचेच सांगतोय 😀 माझ्या मित्राच्या मेहुण्याचा मित्र पायलट आहे, तो म्हणे दोनदा नापास की करिअर खलास. बाकी पगार भारी असतो, विचार करा.

कॅप्टन_गंगापूररोड

वरच्या भाऊंनी सुरुवात मस्त करून दिली, आता दुरुस्त करतो. मी नाशिकचाच, शाळा कॉलेज इथलंच, ए३२० वर आधी उजव्या म्हणजे फर्स्ट ऑफिसरच्या सीटवर आणि आता बरीच वर्षं डाव्या म्हणजे कॅप्टनच्या सीटवर आहे. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मृणालताई, पहिलं म्हणजे मुलगा टाळत नाहीये. त्याला पीपीसी म्हणतात, पायलट प्रोफिशिअन्सी चेक, दर सहा महिन्यांनी असतो, कॅप्टन असो नाहीतर फर्स्ट ऑफिसर, कुणाला सूट नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर उडायच्या परवानगीचा) चेक वर्षातून एकदा असतो, तो बहुतेक वेळा यातल्याच एकाला जोडून उरकतात. हे सगळं सिम्युलेटरमध्ये. शिवाय रूट चेक वेगळा, तो खऱ्या फ्लाइटवर, मागे पॅसेंजर बसलेत आणि कॉकपिटमध्ये मागच्या जंपसीटवर एक सीनियर कॅप्टन वही घेऊन बसलाय असा. त्याशिवाय इमर्जन्सी दरवाजे उघडणं, आग विझवणं, डेंजरस गुड्स, सीआरएम (क्रूने एकमेकांशी बोलून, मिळून काम कसं करायचं ते) यांचे क्लास, आणि क्लास वन मेडिकल. पीपीसीची मुदत संपली की त्या दिवसापासून तुम्ही पॅसेंजर घेऊन उडू शकत नाही, रोस्टरवर नावच पडत नाही. आणि स्लॉट मिळणं हा वेगळाच ताप, सिम्युलेटर कोट्यवधीचं धूड, ते चोवीस तास चालवतात, पहाटे दोनचा स्लॉट आला तर पहाटे दोनला जायचं. बरोबर दुसरा पायलट असतो, एक्झामिनर असतो, तिघांच्या तारखा जुळवलेल्या असतात त्यामुळे साखरपुडा असला तरी तारीख हलत नाही, हे बाबांना सांगा.

आता आत काय होतं. बाहेरून ते सहा पायांवर उभं राहिलेलं पांढरं खोकं दिसतं. छोट्या पुलावरून आत जायचं, मग पूल उचलला जातो, दार बंद, मोशन ऑन. आत बसलात की ए३२० चं कॉकपिट, एकूण एक स्विच खरा. बाहेर दिल्ली किंवा मुंबईचा रनवे, रात्र, पाऊस, जे एक्झामिनरला हवं ते. टेक-ऑफला थ्रस्ट दिला की ते खोकं हळूच मागे कलतं आणि पाठ सीटला दाबली जाते, तुमच्या कानाला वाटतं खरंच वेग घेतोय. माहिती असतं की आपण गुडगावच्या एका हॉलमध्ये आहोत, तरी तळहाताला घाम येतोच.

सगळ्यात नावाजलेला प्रकार म्हणजे व्ही वन कट. व्ही वन म्हणजे तो वेग ज्याच्या पुढे गेल्यावर विमान थांबवायचं नाही, रनवे पुरणार नाही, काहीही झालं तरी हवेत जायचं. नेमकं तिथेच एक्झामिनर एक इंजिन बंद पाडतो. धप्प आवाज, आणि विमानाचं नाक मेलेल्या इंजिनाच्या बाजूला पळतं, गाडीचं पुढचं एक चाक पंक्चर झालं की स्टिअरिंग जसं ओढलं जातं ना तसं, फक्त इथे वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे. उलट्या बाजूचा पाय आपोआप जावा लागतो, रडर म्हणजे शेपटीचं सुकाणू, जेवढं लागेल तेवढंच, जास्त दाबलं तरी गडबड. मग रोटेट, नाक नेहमीपेक्षा थोडं कमी वर, पॉझिटिव्ह क्लाइंब, गिअर अप. आणि इथून पुढचा भाग बाहेरच्या लोकांना पटत नाही: काहीच करायचं नाही. घंटा वाजतेय, लाल दिवा पेटलाय, स्क्रीनवर इंजिन फायर लिहून आलंय, आणि जमिनीपासून चारशे फूट वर जाईपर्यंत दोघांनी फक्त विमान सरळ आणि वर जातंय एवढंच बघायचं. वॉर्निंगचा आवाज तेवढा बंद करायचा. त्या काही सेकंदांत हात शिवशिवतात हो, काहीतरी दाबावंसं वाटतं. ते न दाबणं हीच परीक्षा.

चारशे फुटांनंतर सावकाश. दुसरा पायलट इंजिनच्या लिव्हरवर हात ठेवतो आणि विचारतो, कन्फर्म? उडवणारा मान वळवून स्वतः बघतो, मग म्हणतो कन्फर्म. मग मास्टर स्विच, परत कन्फर्म? परत बघायचं. बघायला गेलं तर बावळटासारखं वाटतं, दोन शिकलेली माणसं एका स्विचबद्दल एकमेकांना विचारतायत. पण ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत एक एटीआर ७२ टेक-ऑफनंतर नदीत पडलं, बिघाड दुसऱ्या इंजिनाचा होता आणि घाईत बंद केलं गेलं पहिलं, धडधाकट चाललेलं. ५८ जण होते, ४३ गेले. चौकशीच्या रिपोर्टमध्ये त्या कॅप्टनच्या जुन्या सिम्युलेटर चेकचा उल्लेख आहे, कमांडच्या ट्रेनिंगमध्ये इंजिन बंद पडण्याच्याच प्रसंगात तो अडखळल्याची नोंद होती. म्हणून तुमच्या काकांना जो पेपर वाटतो ना, तो मला घरच्या माणसांसाठीही हवाच वाटतो, ती पण विमानाने जातात.

बाकी मग एका इंजिनावर आयएलएस करून, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ सिग्नलच्या आधाराने, खाली यायचं, डिसिजन हाइटला रनवे दिसला नाही की एका इंजिनावरच गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. तिथे ठरलेल्या उंचीवर निर्णय म्हणजे निर्णय, थोडं वर असताना घेतला तर चालतो, खाली गेल्यावर घेतला तर नाही. विंडशिअर म्हणजे वारा अचानक पलटणं, समोरून दुसरं विमान, रिजेक्टेड टेक-ऑफ म्हणजे धावत असतानाच टेक-ऑफ सोडून देणं. केबिनचं प्रेशर गेलं तर मास्क लावून दहा हजार फुटांवर उतरायचं, कारण पस्तीस हजार फुटांवर मास्क नसेल तर माणूस धड विचार करू शकतो तो जेमतेम अर्धा ते एक मिनिट, त्यामुळे मास्क पहिला, बाकी सगळं नंतर. आणि माझा नावडता आयटम म्हणजे इनकपॅसिटेशन. एक्झामिनर तुमच्या जोडीदाराला मागून गुपचूप खूण करतो आणि तो बोलायचा बंद होतो. बेशुद्ध पडल्याचं नाटक करत नाही, नुसता गप्प, समोर बघत बसलेला. तुम्ही कॉल दिला, उत्तर नाही, दुसरा दिला, उत्तर नाही, की कंट्रोल तुमच्याकडे घ्यायचे आणि केबिन क्रूला बोलवायचं. वाचायला सोपं, पण आपल्याकडे मुळात मोठ्या माणसाने उत्तर दिलं नाही तर आपण समजून घेतो ना की साहेब विचारात असतील! पंचविशीतल्या पोराने पन्नाशीच्या कॅप्टनला "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं हे अंगात यायला वेळ लागतो.

नापास झालं तर? लायसन्स जात नाही. त्या दिवसापासून लाइनवर उडायचं बंद, जे जमलं नाही त्याचं ट्रेनिंग, परत चेक. पुन्हा नाही जमलं तर बसून बोलतात, आणखी ट्रेनिंग, कॅप्टन व्हायचा नंबर लांबतो, रेकॉर्डवर राहतं. वारंवार झालं तर मात्र प्रकरण गंभीर. पण एकदा एका आयटमला अडला आणि घरी पाठवला असं माझ्या बघण्यात नाही. नोकरीला खरी भीती चेकची नसते, मेडिकलची असते, ते लोक उगाच लपवतात. पाठ, कान, साखर, काहीही निघालं की टेम्पररी अनफिट, आणि मग घरी बसून वाट बघा. म्हणून लॉस ऑफ लायसन्सचा इन्शुरन्स असतो, तो त्याने काढलाय का एवढं मात्र जरूर विचारा, सीए आहात म्हणजे तो मुद्दा तुम्हाला माझ्याआधी सुचला असेल.

घाटातला_बँकर

कॅप्टन साहेब, एक नंबर लिहिलंत. मी रेल्वेत लोको पायलट, इगतपुरीला. कसारा घाटात १:३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, मागून बँकर इंजिन लावल्याशिवाय गाडी वर येत नाही. आमच्याकडे पण रिफ्रेशर, मेडिकल, डोळे तपासणी असतं पण सहा महिन्याला असं खोक्यात बसवून आग लावत नाहीत 😄 सिग्नल दिसला की आमचे दोघं मोठ्याने म्हणतात, हात करून दाखवतात, नवीन पोरांना लाज वाटते सुरुवातीला. ते तुमचं कन्फर्म कन्फर्म वाचून तेच आठवलं. मृणालताई, बाबांना म्हणावं प्रेसमध्ये रोज गेटवर झडती द्यायचे ना, तिथे टाळलं का कधी.

मृणाल_इंदिरानगर

बाबांना वाचून दाखवलं. झडतीवर काही बोलले नाहीत, कॅप्टन म्हणतात ते बरोबर असेल म्हणाले, म्हणजे आमच्याकडे हा मोठाच विजय आहे. इन्शुरन्सचं विचारलं, त्याने काढलाय, आणि "तू पहिली आहेस जिने हे विचारलं" असं उत्तर आलं.

आता मला एक कळत नाही, दर सहा महिन्यांनी तेच तेच आयटम असतील तर पाठच होत असणार ना? मग त्यात टेन्शन कसलं? त्याचा आवाज फोनवर या आठवड्यात वेगळाच येतोय. आणि तपासणारा कोण असतो, सरकारी माणूस की त्यांच्यातलाच?

स्वाती_सातपूर

ताई, पायलटची बायको बोलतेय. आवाज वेगळा येणारच, चेकच्या आठवड्यात सगळ्यांचाच येतो. आमच्या घरी काय होतं सांगते. बेडरूमच्या कपाटावर कॉकपिटचं मोठं पोस्टर चिकटवलंय, खऱ्या साइझचं, आणि हे डायनिंगची खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतात, डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत, पुटपुटणं चालू. चेअर फ्लाइंग म्हणतात त्याला. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंनीच मला समजावलं होतं की घाबरू नकोस, तो बरा आहे. मुलगा लहान होता तेव्हा खाली वॉचमनला जाऊन सांगून आला होता की बाबांच्या इंजिनला आग लागलीये.

टेन्शन कसलं तर विमानाचं नाहीच. खरं सांगू का, मी पण आधी समजायचे की एवढं येतं तर भीती कशाची. मग एकदा ते म्हणाले की फ्लाइटवर मला कोणी बघत नसतं, मी माझं काम करत असतो, सिममध्ये मागे बसलेला माणूस लिहितोय त्याचा आवाज येतो. काय लिहितोय तेच डोक्यात फिरतं. हल्ली टॅबवर लिहितात तर आवाजही नाही, ते जास्त वाईट म्हणे. पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला तिशीतला एक्झामिनर सांगतो सर तुमचं बोलणं कमी पडलं, ते गिळायला लागतं. एका चेकनंतर घरी आले, पास झाले होते, तरी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत कारण रिमार्कमध्ये एक ओळ होती. कुठली ओळ ते मला अजून सांगितलेलं नाही.

माझा अनुभव असा की त्या आठवड्यात घरातले निर्णय काढू नयेत. फ्लॅटचा हप्ता, शाळेची अॅडमिशन, सासू-सून विषय तर नकोच नको. आणि चेक झाल्यावर लगेच "कसा झाला" विचारू नका, ते जेवल्यावर आपणहून सांगतात. सण बुडतात ते वेगळंच, दिवाळी आम्ही दिवाळीतच करतो असं काही नाही. पण नवरा घरी असतो तेव्हा पूर्ण घरी असतो, लॅपटॉप उघडून बसलेला नसतो, हे आयटीवाल्यांच्या बायकांना विचारा किती मोठं आहे ते.

ओझरकर_निवृत्त

कन्या आणि मंडळी, म्हातारा थोडं बोलू का. एअर फोर्समधून बाहेर पडलो, मग एअरलाइन, पासष्टीला तिथलं उडणं कायद्यानेच बंद होतं, त्याआधीची बरीच वर्षं मी त्या मागच्या खुर्चीवर बसून लिहिणारा माणूस होतो. आता घरी ओझरला बसून एचएएलची विमानं कुठली वर गेली ते आवाजावरून ओळखतो, हाच उद्योग.

तपासणारा बहुतेक वेळा एअरलाइनमधलाच सीनियर कॅप्टन असतो, पण त्याला डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने, मान्यता दिलेली असते, डेझिग्नेटेड एक्झामिनर. त्या खुर्चीवर बसून एक्झामिनर एकटाच एटीसी म्हणजे कंट्रोल टॉवर असतो, केबिन क्रू असतो, खालचा इंजिनिअर असतो, सगळे आवाज त्यानेच काढायचे. स्क्रीनवर बोट लावलं की आग, बोट लावलं की धुकं. आणि तपासणाऱ्यालाही तपासतात, त्याच्या मागे बसून कुणीतरी तो कसा तपासतो ते बघतो. यावरून आठवलं, ४ नोव्हेंबर २०१० ला क्वांटासचं ए३८० सिंगापूरहून सिडनीला निघालं तेव्हा असंच झालं होतं. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांचा रूट चेक चालू होता. त्यांना तपासणारा स्वतः चेक कॅप्टन व्हायच्या ट्रेनिंगमध्ये होता, म्हणून त्याला बघायला आणखी एक, असे मिळून कॉकपिटमध्ये पाच पायलट. टेक-ऑफनंतर थोड्याच वेळात दोन नंबरचं इंजिन फुटलं, तुकडे पंखातून आरपार गेले, स्क्रीनवर एकामागून एक बिघाडांचे मेसेज येत राहिले. त्यांनी घाई केली नाही, पाच जणांनी मिळून जवळपास दोन तास घेतले आणि सिंगापूरच्या चांगी विमानतळावर परत उतरवलं. विमानात ४६९ माणसं, एकालाही खरचटलं नाही. चेक चालू असताना खरा बिघाड येणं हा योगायोग, पण त्या दिवशी परीक्षक आणि परीक्षार्थी कामाला लागले ते एकत्र, ते मला महत्त्वाचं वाटतं.

पाठ होत नाही का, हा प्रश्न चांगला विचारलास. होतं. आणि तोच मोठा आक्षेप आहे. सगळ्यांना माहीत असतं की व्ही वनला इंजिन जाणार, पाय आधीच तयार असतो. कुठल्या एक्झामिनरला काय आवडतं याचे निरोपही पोरांच्या ग्रुपवर आदल्या रात्री फिरतात, आम्हाला काय कळत नाही होय. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ अटलांटिकवर पडलं, २२८ माणसं. वेग दाखवणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या, ऑटोपायलट सुटला, आणि विमान उंचावर स्टॉलमध्ये गेलं, म्हणजे पंखांचा उचलून धरणारा जोर गेला, ते खाली समुद्रापर्यंत. त्या वैमानिकांचे चेक झालेलेच होते, पण इतक्या उंचीवर हाताने विमान सांभाळण्याची तयारी त्या चेकच्या यादीत बसतच नव्हती. त्यानंतर स्टॉल आणि उलटंपालटं झालेलं विमान सावरायचं ट्रेनिंग जगभर वाढवलं. आयसीएओने, म्हणजे यूएनच्या विमान वाहतूक संस्थेने, २०१३ साली एव्हिडन्स बेस्ड ट्रेनिंगचं मॅन्युअल काढलं, म्हणजे तोच ठरलेला यादीचा खेळ न करता खऱ्या उड्डाणांत काय चुकतं ते बघून प्रसंग घडवायचे, आणि माणूस विचार कसा करतो, बोलतो कसा, ते बघायचं. मला विचाराल तर उशिरा झालं, पण झालं.

आमच्या वेळचे चेक वेगळे असायचे, तेव्हाच्या काही परीक्षकांचा आनंदच समोरच्याला अडकवण्यात. एक संपत नाही तोवर दुसरा बिघाड, त्यावर तिसरा, शेवटी कुणीच उतरवू शकणार नाही असं विमान करून ठेवायचे आणि मग म्हणायचे, बघितलंस? त्यातून पोरगा एवढंच शिकायचा की या माणसाच्या वाट्याला जायचं नाही. हाताखालच्या माणसाने घाबरून गप्प बसणं हे इंजिनाच्या आगीपेक्षा वाईट. २७ मार्च १९७७, स्पेनचं तेनेरिफ बेट, दोन जंबो (७४७) धुक्यात रनवेवर धडकली, ५८३ मेले. त्यातल्या केएलएम कंपनीच्या विमानाचे कॅप्टन त्या कंपनीचे ७४७ चे मुख्य ट्रेनर होते, शेजारी बसलेल्या फर्स्ट ऑफिसरचा ७४७ चा चेक त्यांनीच घेतलेला होता. क्लिअरन्स नसताना थ्रस्ट दिला गेला. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते दुसरं विमान रनवेवरून बाजूला झालं नाही का? त्याला ठासून सांगितलं गेलं, झालंय. तो पुढे काही बोलला नाही. ज्याने आपल्याला पास केलं त्याला थांबवायचं कसं, हा प्रश्न त्या दिवशी त्या उजव्या सीटवर होता असं मला नेहमी वाटतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडला एक डीसी-८ विमान लँडिंग गिअरच्या नादात इंधन संपून पडलं, इंजिनिअर इंधनाचं सांगत होता पण पुरेसं ठासून नाही. या सगळ्यातून सीआरएम आलं. म्हणून हल्ली मागच्या खुर्चीवरून सगळ्यात जास्त काय बघतात तर दोघं एकमेकांना काय विचारतात आणि विचारल्यावर दुसरा काय करतो.

माझ्या अनुभवात हात उत्तम असलेली पोरं अडकायची आणि मध्यम हाताची आरामात निघून जायची, कारण मध्यमवाला म्हणायचा "थांब, मला नीट कळलं नाही, परत वाच". हे वाक्य ऐकलं की मी पेन खाली ठेवायचो.

द्वारका_सर्कल

काका भारी. माझ्या मित्राच्या मेहुण्याच्या मित्राची थिअरी मी मागे घेतो 🙏

अथर्व_कॅनडाकॉर्नर

सगळ्यांना नमस्कार, धागा हायजॅक करतोय माफ करा. मी शिरपूरला सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करतोय, शंभरच्या वर तास झालेत, २०० ला पोचायचंय. हे सगळं वाचून आनंदही होतोय आणि पोटात गोळाही येतोय. कॅप्टन सर, एअरलाइनमध्ये घेताना पण सिम असेसमेंट असते असं सीनियर सांगतात, त्याच्या तयारीसाठी काही क्लासवाले हजारो रुपये मागतायत, मेमरी आयटमचे (इमर्जन्सीत न बघता करायच्या पाठ स्टेप्सचे) पीडीएफ पण विकतायत. घ्यावं का? आणि घरी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर गेम खेळून फायदा होतो का?

कॅप्टन_गंगापूररोड

अथर्व, पीडीएफला एक रुपया देऊ नकोस. मेमरी आयटम त्या त्या विमानाचे असतात, वर प्रत्येक कंपनीचे कॉल थोडेफार वेगळे, टाइप रेटिंगच्या, म्हणजे त्या विमानाच्या ट्रेनिंगच्या, आधी कुणाचंतरी जुनं पाठ केलंस तर ते पुसायला दुप्पट वेळ जातो. असेसमेंटला तुला ए३२० येतं का हे कुणी बघत नाही, येत नाही हे त्यांना माहितीये. बघतात काय तर सरळ लेव्हल उडता येतं का, टर्नमध्ये उंची शंभर फुटांच्या आत राहते का, सुया बघून आयएलएस करता येतो का, आणि पहिल्या वेळी चुकलेलं सांगितल्यावर दुसऱ्या वेळी सुधारतं का. शेवटचं सगळ्यात जास्त.

घरच्या गेमचा फायदा आहे पण ऑटोपायलट बंद ठेवून, रात्र लावून, बाहेर काही दिसणार नाही असं करून, फक्त इन्स्ट्रुमेंट स्कॅन. किती पिचला आणि किती पॉवरला काय वेग मिळतो ते आकडे वहीत लिही. आणि बोलत बोलत उडव, काय करतोयस ते मोठ्याने म्हण, हॉस्टेलमधले हसतील, हसू देत. गेमवर रडर पेडल नसतील तर एकट्या जॉयस्टिकवर इंजिन बंद पाडायची हौस करू नकोस, पायाला चुकीची सवय लागते.

ओझरकर काका म्हणाले त्यात एक भर घालतो, आम्ही लाइनवर दिवसभरात हाताने विमान उडवतो ते टेक-ऑफनंतरची काही मिनिटं आणि लँडिंगआधीची काही, बाकी ऑटोपायलट. तुला आत्ता जेवढे हाताने तास मिळतायत तेवढे पुढे मिळणार नाहीत, त्यामुळे सेसनामध्ये ट्रिम लावून आरामात बसू नकोस.

आणि आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलायच्या लायसन्सची परीक्षा, झाली का तुझी? नसेल तर क्लास-बिस सोडून आधी ती उरक, तास पूर्ण होऊन लायसन्स अडकलेली पोरं मी बघितलीयत.

अथर्व_कॅनडाकॉर्नर

आरटीआर बाकी आहे सर 😬 तीच आधी उरकतो.